देवळात वाचलेला कागद

सातारा आणि सांगलीकडच्या समस्त लहानथोर मंडळींस जाहीर करण्यात येते की, आज या ठिकाणी एक अत्यंत गंभीर, अत्यंत महत्त्वाची आणि आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगण्यात येणार आहे. पानाचे डबे मिटावेत. खोकणाऱ्यांनी आत्ताच खोकून घ्यावं. गोष्ट अशी — मला जवळचं दिसत नाही.

हसलात ना? हसा. एवढंच का, म्हणाल. चाळिशी उलटल्यावर कुणाला दिसतं? खरं आहे. पण हे एवढंसं वाक्य मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही — बायकोपाशी नाही, भैरोबापाशीही नाही. एका दिवशी, एका देवळात, एका म्हाताऱ्या माणसासमोर ते बोललो असतो, तर आमच्या गावचा एक झरा आज वाहत असता आणि एक पुतण्या आपल्या घरी असता.

बघा, शेवट आधीच सांगून बसलो. गोष्ट अशी सांगायची नसते. मला कळतं ते — गोष्ट सांगणं हाच माझा जन्माचा उद्योग.

मी बारा वर्षं सांगलीला नाटक कंपनीत होतो. राजा कधी झालो नाही. दूत झालो, ऋषी झालो, तिसरा सैनिक झालो, आणि एकदा नटी आजारी पडली तेव्हा दासी झालो. पण पाठांतर माझं असं, की पडद्याआड उभा राहून सगळ्या नाटकाची सगळ्यांची भाषणं मी ओठांत म्हणायचो. एकदा ऐकलं की बसलं. बोलपट आले, कंपनी बसली, आणि मी पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आमच्या गावी परत आलो. कंपनीत मला मास्तर म्हणायचे, गावानंही तेच उचललं. शाळेत मी एक दिवस शिकवलेलं नाही. पण गावात लिहिणारे-वाचणारे दोन-तीनच, आणि त्यांतला आवाज असलेला मी एकटा. मग पत्र आलं की मास्तर, समन्स आलं की मास्तर, पोथी लावायची की मास्तर. सरकारी नोटीससुद्धा मी अशी वाचायचो की ज्याच्यावर बजावली तोही म्हणायचा, पुन्हा एकदा होऊ द्या.

लढाई सुरू झाली आणि आमच्या सड्यावर पाहुणे येऊ लागले.

सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं लाल कातळाचं पठार. तिथं गवत उगवतं, गुरं चरतात, दुसरं काही नाही. पाहुण्यांच्या डोक्यावर टोप्या, हातात छोट्या हातोड्या. ते कातळ फोडून वास घेत, पिशवीत भरून नेत. मग कळलं की त्या लाल दगडातून विमानाचा पत्रा निघतो. सगळ्या गावाला हे थट्टेचं वाटलं. तात्या — ते पुढे येणारच आहेत — तात्या म्हणाले, "म्हंजी आमची म्हस आजवर इमानावर चरत व्हती म्हणा की."

थट्टा फार टिकली नाही. शेजारच्या वाडीत एक विधवा म्हातारी होती. तिला या पाहुण्यांपैकी एकानं सांगितलं की रॉकेलच्या कार्डासाठी कागद आहे, निशाणी कर. आमच्याकडे सही न येणारा कुणबी माणूस कागदावर नांगराचं चित्र काढतो आणि बाई बांगडीचं — अंगठ्यापेक्षा त्यात मान आहे. तिनं आपली बांगडी काढली, वाटोळी, सुबक. पावसाळा संपल्यावर कळलं की रॉकेल मिळालं नाही आणि सडा गेला.

तेव्हा आमच्या पंचांनी भैरोबाच्या देवळात एक नियम केला. गावातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसानं एकट्यानं निशाणी करायची नाही. कागद आधी देवळात आणायचा, मास्तरांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, समजेपर्यंत वाचायचा, आणि मग दोन दिवस घरात ठेवून, विचार करून कचेरीत जायचं. असा नियम दुसऱ्या कुठल्या गावानं केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. रखवालदार कोण? मी. बारा वर्षं तिसरा सैनिक केलेल्या माणसाला गावानं मुख्य भूमिका दिली.

आणि मी ती केली हो. पहिला दलाल आला तेव्हा त्याचा कागद मी इतक्या सावकाश, इतक्या भुवया उडवत वाचला की त्याला घाम फुटला. प्रत्येक कलमाला बायका "अगं बाई" म्हणायच्या आणि तो खाली बघायचा. शेवटी त्यानं कागद बदलून आणला, आम्ही सांगू तसा: सड्यावरचा लाल दगड तेवढा, तीन वर्षांपुरता, पुरुषभर खोलीपर्यंत; झऱ्यापासून शंभर पावलं सोडून; खालच्या भातखाचरांना आणि घराला हात लावायचा नाही. त्या कागदावर चार म्हाताऱ्यांनी नांगर काढले, आणि चौघांचंही सगळं ठीक झालं. चारही वेळा मीच वाचला. चौथ्या वेळेपर्यंत तो मला रामरक्षेसारखा पाठ झाला होता.

आता इथं — इथं मला जरा थांबू द्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाच्या मधे कधीतरी अक्षरं पुसट व्हायला लागली होती. आधी वाटलं शाई फिकी. मग वाटलं देवळात उजेड कमी. मग कागद लांब धरू लागलो — हात लांब करून, मान मागे टाकून. लोकांना वाटलं हा काहीतरी नवा आविर्भाव. एकजण म्हणाला, आता कसं दरबारात वाचल्यासारखं वाटतं. मी सांगलीला गेलो आणि गणपतीच्या देवळाजवळच्या दुकानातून चुपचाप चाळिशी घेतली. घरी दार बंद करून ती लावून पाहिली. आरशात एक म्हातारा कारकून दिसला. कंपनीत मला एकानं सांगितलं होतं, मास्तर, तुमचं सगळं डोळ्यांत आहे. त्या डोळ्यांवर मी काच चढवायची? देवळात, सगळ्या गावासमोर? चाळिशी कोटाच्या आतल्या खिशात गेली, आणि तिथंच राहिली.

चौथं वाचन मी कागदाकडे न बघता केलं. काही बिघडलं नाही. एक शब्दही चुकला नाही, हे मी घरी येऊन चाळिशी लावून नकलेशी ताडून पाहिलं होतं. मला त्याचा आनंद झाला होता. अगदी मनापासून आनंद झाला होता.

पाचवे आले तात्या.

तात्या सत्तरीचे. त्यांची सड्यावर मोठी पट्टी, तिच्या काठाखाली झरा, झऱ्याखाली खाचरं. त्या झऱ्याचं पाणी अर्धं गाव प्यायचं. तात्यांना आणि काकींना मूल नव्हतं. मेलेल्या भावाचा मुलगा दत्तू, त्याला त्यांनी लहानाचा मोठा केला. तो पलटणीत गेला होता आणि तेव्हा रजेवर आला होता. तात्यांना त्याच रजेत त्याचं लग्न उरकायचं होतं, म्हणून ते दगड द्यायला तयार झाले. या वेळी दगड काढणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीचा माणूस आला. तो म्हणाला, कागद तोच आहे, त्या चौघांचा होता तोच. तरी दत्तूच म्हणाला, "देवळात वाचल्याबिगर न्हाई. मास्तर वाचत्यात आन् मंगच तात्या नांगर काढत्यात." दत्तूच म्हणाला. हे लक्षात असू द्या.

त्या वाचनाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कराडच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एकदा सांगलीला थेट वकिलांच्या बैठकीत — मी ती किती वेळा सांगितली, मोजदाद नाही. ती अशी. देऊळ भरलेलं. पुढे तात्या, त्यांना टेकून काकी, कारण काकींना कमी ऐकू येतं. मी कंपनीच्या माणसाच्या हातातून कागद घेतो, हवेत एक गिरकी देतो, उलगडतो, मान मागे टाकून सुरू करतो. त्या कागदांवर वरच्या अंगाला इंग्रजांच्या राजाचं चित्र छापलेलं असतं. मी भरात आलेलो, आणि काकी भर सभेत मोठ्यानं म्हणतात, "आवं मास्तर, राजाचं डोकं खाली हाय की."

कागद उलटा होता.

आता ते दिवस आठवा. गावातली दोन पोरं भूमिगत, तिसरं येरवड्यात, पोलीस आठवड्याला घरं उचकटणारे. राजाचं डोकं खाली — देऊळ हसण्यानं फुटायचं बाकी राहिलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. आणि मी काय केलं? मी हसू ओसरायची वाट पाहिली, कागद सावकाश, राजाला जसा काही कान धरून सरळ करावा तसा फिरवला, आणि लवून मुजरा केला. टाळ्या पडल्या. सांगलीला कधी पडल्या नाहीत अशा टाळ्या. पुढे कितीतरी दिवस गावात पोलीस शिरले की कुणीतरी हळूच म्हणायचं, राजाचं डोकं खाली हाय. स्वराज्य आलं तेव्हा शाळेपुढे झेंडा लागला आणि माझ्या गळ्यात हार पडला: मास्तरांनी भर सभेत राजाला उलटा धरला. मी हार घेतला. मुद्दाम धरला होता, असं मी कधी बोललो नाही. मुद्दाम नव्हता, असंही नाही.

माझ्या गोष्टीचा पुढचा भाग दुःखाचा, तोही मी चांगला सांगतो. मास्तरांनी कागद नीट वाचला, पण कंपनी बिलंदर. वाचन आणि कचेरी यांच्या मधल्या दोन दिवसांत कागद बदलला गेला. इथं मी आवाज खाली आणतो. श्रोते च् च् करतात.

कागद बदलला गेला नव्हता.

मी जे म्हटलं ते त्या चौघांच्या कागदातलं होतं. हातात होता तो तात्यांचा कागद मी वाचलेलाच नाही, ना उलटा, ना सरळ. चाळिशी खिशात होती. हात छातीवर ठेवला की कोटातून लागत होती. कागद सरळ केला त्या वेळी मी एवढं म्हणू शकत होतो, थांबा मंडळी, जरा चष्मा लावतो. किती वेळ लागला असता? पण टाळ्या पडल्या होत्या. मी शेवटपर्यंत पाठ म्हटलं. दोन दिवसांनी कचेरीत विचारलं, कागद वाचून दाखवला का, समजला का. तात्या म्हणाले, "व्हय, मास्तरनी वाचला." आणि त्यांनी नांगर काढला. दांडी, रुमणं, फाळ, सगळं जागच्या जागी काढलं. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. कारकुनानं बोट ठेवलं तिथं केली.

दसऱ्यानंतर, दत्तूची रजा चालू असतानाच, पहारी घेऊन माणसं आली. सड्यावर नव्हे, झऱ्याच्या माथ्यावर. आठ दिवस झरा लाल आला, मग बारीक झाला. खाचरांवर लाल गाळ पसरला. तात्या काठी घेऊन आडवे पडले, तेव्हा मुकादमानं त्यांच्यापुढे नक्कल धरली. ती घेऊन ते देवळात आले. सगळे जमले. "मास्तर, ह्ये बगा वं जरा काय म्हणत्यात," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजीसुद्धा नव्हती. मास्तर आहेत ना.

मी म्हटलं, घरी नीट बघतो. घरी गेलो, दार लावलं, चाळिशी लावली. सदरहू सर्व जमिनीच्या पोटात जे जे आहे ते ते, वंशपरंपरा, कायम. आणि ते काढण्यासाठी लागेल तिथे खणण्याचा, वाट पाडण्याचा आणि पाणी वळवण्याचा हक्क. अक्षर स्वच्छ होतं. शाळेतल्या पोरानं वाचलं असतं. मी दोनदा वाचलं. मला वाटलं होतं की आता काहीतरी होईल — छातीत कळ येईल, रडू येईल. काही झालं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, तसं झालं. मी चाळिशी तांदळाच्या मडक्यात खुपसली आणि देवळात परत आलो.

पायरीवर उभा राहून म्हणालो, "हा मी वाचलेला कागद नव्हे."

गंमत बघा, हे अक्षरशः खरं होतं.

मी दत्तूचं नाव घेतलं नाही. मला आठवतंय, मी त्याचं नाव घेतलं नाही. पण घ्यायची गरज कुठं होती? त्या दोन दिवसांत कागद त्याच्या पलटणीच्या ट्रंकेत होता, कारण कुलूप असलेली घरात तेवढीच एक वस्तू. वाचनानंतर कंपनीच्या माणसानं कागदाला हात लावला नव्हता, हे सगळ्यांना माहीत. माणसं एक-एक करून दत्तूकडे वळून बघायला लागली, आणि सगळ्यांत शेवटी तात्यांनी पाहिलं. कुणीतरी मागून म्हणालं, "पलटणीत लय शिकला गड्या." मग दत्तू माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी सांगा की. ह्योच कागद व्हता न्हवं?"

मी नाटक कंपनीत एक गोष्ट शिकलो होतो. भाषण विसरलं तर गप्प राहायचं आणि दूर कुठंतरी बघायचं, प्रेक्षकांना त्यात अर्थ दिसतो. मी गप्प राहिलो आणि दूर कुठंतरी पाहिलं.

त्याची रजा संपायच्या आत तो गेला. ठरलेलं लग्न मोडलं. त्याची पत्रं आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली, तीन. गावात पत्र आलं की कुणाकडे यायचं? माझ्याकडेच. तात्या म्हणाले, वाचू नका, तुमच्यापाशीच राहू द्या. मी घरी वाचली. पहिल्यात त्यानं शपथा घातल्या होत्या. दुसऱ्यात काकींच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते होतं. तिसऱ्यात एवढंच: झऱ्याला पाणी हाय का ते मास्तरकडून लिहून कळवा. मी कळवलं नाही. ती पत्रं अजून माझ्याकडे आहेत.

तात्या गेले तेव्हा तोंडात पाणी घालायला दत्तू नव्हता. मी होतो. गंगेचं पाणी मीच घातलं, आणि लोक म्हणाले, मास्तरांसारखा माणूस नाही. तेव्हाही मला काही वाटलं नाही. तुम्हाला हे विचित्र वाटेल. मलाही वाटतं, पण ते वाटणंसुद्धा दुसऱ्या कुणाचं असावं तसं, लांबून.

गेल्या वर्षी दत्तू मला दिसला. सांगलीला, हळदीच्या पेठेत. पाठीवर पोतं होतं, मानेपर्यंत पिवळा झाला होता. मी पलटणीतल्या चालीवरून ओळखलं — जवळचं दिसत नसलं तरी मला लांबचं स्वच्छ दिसतं. त्यानं मला पाहिलं नाही. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात शिरलो आणि नको असलेला अडकित्ता विकत घेतला. संध्याकाळी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी आग्रह केला, मास्तर, ती राजाची गोष्ट होऊ द्या. मी सांगितली. रंगली.

काकी आहेत. नदीवरून पाणी आणतात, कारण झरा नाही. रोज माझ्या दारावरून जातात. "बरं हाय का, मास्तर?" म्हणतात. मी बरं आहे म्हणतो. हंड्याला हात लावायला मी एकदा पुढे झालो होतो. त्यांनी हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला आणि गेल्या. मी पुन्हा पुढे झालो नाही.

ही गोष्ट सांगताना मी सगळ्यांचे आवाज काढतो. तात्यांचा घोगरा, कंपनीच्या माणसाचा मेणचट, मुकादमाचा, आणि काकींचा तर असा, की ऐकणारे डोळे पुसेपर्यंत हसतात. पण काकींचं अर्धंच बोलणं मी काढतो. त्या दिवशी त्या एकदा नाही, दोनदा बोलल्या. पहिलं सगळ्या गावानं ऐकलं. मग हशा उसळला, आणि त्या हशात, माझ्यापासून हातभर अंतरावर, त्या पुन्हा बोलल्या. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं असतं तसं, मोठ्यानं. पण त्या गलक्यात ते माझ्यापलीकडे कुणापर्यंत पोचलं नाही. त्या हसत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि त्या विचारत होत्या. मी ऐकलं, आणि मग मुजरा केला. त्यांनी ते पुन्हा कधी विचारलं नाही. का नाही, ते मला माहीत नाही. मी त्यांना विचारलेलं नाही.

राजाचं डोकं खाली हाय की, म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या —

"आवं, मंग तुमी ह्ये वाचताय कशातनं?"